लघवी लाल झाली तर

नमस्कार श्रोतेहो.

उन्हाळ्यात लघवीला जळजळ झाली की आपण म्हणतो, उन्हाळी लागली. मग सब्जा, धन्या-जिऱ्याचं पाणी. नंदुरबारकडून पुण्याला शिकायला आलेल्या एका मुलानेही तेच केलं. त्याला जळजळ मात्र नव्हती. लघवी आधी कोऱ्या चहासारखी, मग सरळ लाल. हॉस्टेलवर कुणाला सांगायचं, म्हणून पोरगा दीड महिना गप्प बसला.

त्याच्या मूत्रपिंडातल्या गाठीचा तुकडा माझ्याकडे तपासायला आला. सूक्ष्मदर्शकाखाली कर्करोगाच्या पेशी होत्याच, पण शेजारच्या बारीक रक्तवाहिन्यांत विळ्यासारख्या वाकलेल्या लाल पेशीही दिसल्या. मुलगा सिकलसेलचा वाहक होता. सिकलसेल म्हणजे लाल पेशी अशा वाकवणारा आनुवंशिक आजार. वाहकाकडे त्याचं एकच सदोष जनुक असतं, आई किंवा वडिलांकडून आलेलं. शाळेत असताना तपासणी झाली होती, ‘तुला काही त्रास नाही’ म्हणून सांगितलं होतं. तो विसरूनही गेला होता.

या गाठीला रीनल मेड्युलरी कार्सिनोमा म्हणतात. १९९५ साली हा वेगळा आजार म्हणून तिचं वर्णन झालं. मूत्रपिंडाचा नेहमीचा कर्करोग साधारण साठीच्या आसपास गाठतो. ही गाठ ऐन तारुण्यात येते, जवळजवळ नेहमी सिकलसेलच्या वाहकांनाच, आणि बहुतेकदा उजव्या मूत्रपिंडात. निदान होईतो ती बहुतेकांच्या लसिकाग्रंथींत, फुप्फुसांत, यकृतात, कधी हाडांत पोचलेली असते. मूत्रपिंडाच्या इतर कर्करोगांवरच्या गोळ्यांना ती फारशी दाद देत नाही, किमो द्यावी लागते. म्हणून ‘किडनीत गाठ आहे’ एवढं ऐकून उठू नका. गाठ कोणत्या प्रकारची, हे डॉक्टरांना विचाराच.

ही गाठ फार विरळ आहे, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगते. वाहकांच्या लघवीतून रक्त गेलं तरी बहुतेक वेळा कारण दुसरंच निघतं. पण ते घरी बसून कळत नाही. त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा, सोनोग्राफी करा, आणि ‘मी सिकलसेलचा वाहक आहे’ हे आधी सांगा. दुखत नाही म्हणून थांबू नका.

नंदुरबार, गडचिरोली, चंद्रपूरकडची कितीतरी मुलं इथे शिकतात. आईबाबांनो, पोरांच्या बॅगेत दाखले ठेवता ना, तसा सिकलसेलचा रिपोर्टही ठेवा. तपासणीच झाली नसेल तर सरकारी दवाखान्यात विचारा. २०२३पासून त्यासाठी देशभर मोहीम सुरू आहे.

त्या मुलाची किमो चालू आहे. परवा त्याच्या स्लाइड आणि ब्लॉक, म्हणजे मेणात जपलेला गाठीचा तुकडा, न्यायला धाकटी बहीण आली होती. तीही वाहक निघाली. तिने स्वतःची फाइल उघडून दाखवली. पहिल्याच पानावर लाल पेनाने, मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं : सिकलसेल वाहक.