खडकवासला भरलं म्हणजे वर्ष निघालं?

नमस्कार श्रोतेहो.

पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं, नदीपात्रातला भिडे पूल पाण्याखाली गेला, की आपण मनात म्हणतो, चला, वर्षाची काळजी मिटली. पण खडकवासला हे पुण्याला पाणी देणाऱ्या चार धरणांच्या साखळीतलं सर्वांत लहान धरण. त्यात मावतं जेमतेम 2 टीएमसी, म्हणजे 2 अब्ज घनफूट पाणी. आपली खरी पुंजी वर आहे, वरसगाव, पानशेत आणि टेमघरमध्ये. चारही मिळून साधारण 29 टीएमसी. त्यावर पुणं पितं आणि दौंड, इंदापूरची शेतीही भिजते.

महापालिकेत 2017 साली 11 गावं आली, 2021 साली आणखी 23. पूर्व भागाला भामा आसखेड धरणाचं पाणी मिळालं, तरी नव्या सोसायट्यांच्या दारात टँकर उभेच आहेत. आता नवं धरण कुठून आणणार? मला वाटतं, पुढच्या वीस-तीस वर्षांचं नियोजन हातातल्या पाण्यापासूनच सुरू व्हायला हवं.

गळती शोधणारी माणसं रात्री काम करतात. वर्दळ थांबली की लोखंडी गजाचं एक टोक व्हॉल्व्हवर टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं. जमिनीखाली पाइप फुटला असेल तर बारीक सूं-सूं ऐकू येते. हा आवाज मी स्वतः ऐकला आहे. भर रस्त्याखाली प्यायचं पाणी मातीत मुरत होतं. म्हणून जुन्या जलवाहिन्या बदलणं आणि मीटर बसवणं मला नव्या धरणाइतकंच मोठं काम वाटतं. मोजमाप नसेल तर पाणी नेमकं कुठे जातं, ते कळणार कसं?

दुसरं काम सांडपाण्याचं. माझी बहीण दौंडकडे दिली आहे. उन्हाळ्यात तिचा फोन येतो, "दादा, कालव्याचं आवर्तन कधी सुटणार रे? ऊस वाळायला लागलाय." शहराने वापरलेलं पाणी शुद्ध करून मुंढव्याच्या जॅकवेलमधून, म्हणजे पाणी उपसायच्या विहिरीतून, शेतीला पाणी नेणाऱ्या बेबी कालव्यात सोडायची सोय आहे. असं पाणी जितकं जास्त शेतीला जाईल, तितकं धरणातलं पाणी प्यायला उरेल. पण ते खरोखर शुद्ध हवं. आपण धरणाचं निर्मळ पाणी प्यायचं आणि खालच्यांनी फेसाळलेलं पाणी पिकाला द्यायचं, हा न्याय नव्हे. बांधकामं, बागा, गाड्या धुणं यांनाही हेच पाणी पुरेल. त्यासाठी पिण्याचं पाणी कशाला?

येत्या रविवारी सोसायटीची सभा असेल, तर एवढंच विचारा: गच्चीवरची टाकी आठवड्यातून किती वेळा भरून वाहते?

नमस्कार.