कॅमेरा दाराबाहेर

(दृश्य : नाशिक, सिडको, त्रिमूर्ती चौक. संध्याकाळ. कंपनीच्या बसमधून उतरणारे कामगार.)

अंबड-सातपूरच्या कंपन्यांची जनरल शिफ्ट सुटली की या चौकात डबे हातात घेतलेली माणसं उतरतात. बहुतेक जण घराकडे वळतात. काही जण वळत नाहीत, आणि ते कुठे गेले असतील हे घरच्यांना ठाऊक असतं.

आमच्या घरी आई कान देऊन बसायची. स्कूटर स्टँडला लावायला वडिलांना किती वेळ लागला, त्यावरून तिला कळायचं, आज प्यायलेत की नाही. शेजारपाजार, नातेवाईक, सगळ्यांनी त्यांना समजावलं, रागावलं. ‘अमुक ठिकाणी जा, तिथे तुमच्यासारखेच लोक बसतात’ हे मात्र कुणी सांगितलं नाही. म्हणून ही फिल्म.

(दृश्य : पाठमोरे काका. चेहरा दिसत नाही.)

यांना आपण काका म्हणू. नाव सांगायचं नाही आणि चेहरा दाखवायचा नाही, ही त्यांच्या संघटनेची रीतच आहे. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, बोलीत ‘एए’. 1935 साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावात एक शेअर दलाल आणि एक सर्जन भेटले. दोघेही दारूने पोखरलेले. एका दारुड्याने दुसऱ्याशी खरं बोललं की दोघांचाही त्या दिवसाचा पेला टळतो, हे त्यांच्या लक्षात आलं. भारतात हे काम 1957 मध्ये मुंबईत सुरू झालं.

काकांनी एएत येण्याआधी सगळं करून पाहिलं होतं. वणीला जाऊन देवीसमोर जन्मभराची शपथ घेतली. ती एकोणीस दिवस टिकली. शपथ मोडल्याची लाज इतकी, की ती बुडवायला पुन्हा बाटलीच. मग एकदा इरेला पेटून त्यांनी घरातच एकदम बंद केली. दुसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले, तिसऱ्या रात्री भिंतीवर मुंग्या दिसायला लागल्या. काकूंनी रिक्षात घालून सिव्हिल गाठलं, म्हणून वाचले.

इथे थांबून नीट ऐका. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याचा मेंदू दारूच्या दाबाखाली काम करायला शिकलेला असतो. दाब अचानक निघाला की तो बेफाम उसळतो. पहिल्या एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते, त्यानंतर भ्रम होऊ शकतो. यात माणूस दगावतो. म्हणून आधी डॉक्टर, औषधं, गरज पडली तर दवाखान्यात भरती. एएची मीटिंग त्याच्या जोडीला. डॉक्टरांऐवजी नाही.

मीटिंगचा शोध काकूंनी घेतला. एएच्या हेल्पलाइनला फोन करून यादी मिळवली : गटाचं नाव, वार, वेळ, जागा. (व्यसनमुक्तीसाठी सरकारचा 14446 हा मोफत नंबरही आहे. तिथेही मदत मिळते.) यादीत एका गटापुढे ‘क्लोज्ड’ लिहिलेलं. काकांना वाटलं, मीटिंग बंद पडली, सुटलो. काकूंनी पुन्हा फोन केला. क्लोज्ड म्हणजे फक्त ज्यांना स्वतःची दारू सोडायची आहे त्यांच्यासाठी. ओपन म्हणजे घरचे, शेजारी, कुणीही येऊन ऐकू शकतं.

(दृश्य : शाळेचं फाटक. आत एका वर्गात दिवा.)

तीन गुरुवार काका या फाटकाबाहेर गाडीवर बसून परत गेले. चौथ्या गुरुवारी आतला एक जण चहा सांगायला बाहेर आला आणि एवढंच म्हणाला, ‘आत गरम आहे, थंडीत कशाला बसता?’

आत काय होतं, हे काकांच्या शब्दांत. दहा-बारा माणसं. रिक्षावाला, बँकेतले साहेब, एक द्राक्ष बागायतदार. एकेक जण उठतो, पहिलं नाव सांगतो, म्हणतो, ‘मी मद्यपी आहे.’ मग आपलं सांगतो. मध्ये कुणी बोलत नाही, उपदेश करत नाही. फी नाही. शेवटी एक थैली फिरते, ज्याला जमेल त्याने टाकावं. बाहेरच्यांची देणगी घेत नाहीत. सभासद व्हायला एकच अट, दारू सोडायची इच्छा.

आणि जन्मभराची शपथ कुणी मागत नाही. आज प्यायची नाही, एवढंच. उद्याचं उद्या. वणीच्या पायरीवर जे जमलं नाही, ते इथे जमलं त्याचं कारण मला हेच वाटतं. आजच्या एका दिवसाला माणूस खोटं पडत नाही.

चार महिन्यांनी भाच्याच्या हळदीत काका घसरले. पुढच्या गुरुवारी मान खाली घालून गेले. कुणी जाब विचारला नाही, खुर्ची पुढे सरकवली.

काकूंसाठीही वेगळी संघटना आहे, अल-अनॉन, 1951 पासूनची. पिणाऱ्याच्या घरच्यांची. आईला हे नाव माहीत असतं, तर तिला कान देऊन बसण्यापलीकडे कुठेतरी जाता आलं असतं.

(दृश्य : फाटक. रात्र.)

आता काका अर्धा तास आधी येतात, खुर्च्या मांडतात. एक दारापाशी ठेवतात, नव्या माणसाला आत फार चालावं लागू नये म्हणून.

आज फाटकाबाहेर एक मोटरसायकल येऊन थांबली आहे. इंजिन चालूच. काका दारातून आम्हाला हात करतात. आम्ही कॅमेरा खाली घेतो.

(काळा पडदा. फक्त आवाज : इंजिन बंद होतं. थोड्या वेळाने, गाडी स्टँडला लागते.)