विझलेल्या भट्ट्या पुन्हा पेटवणारी माणसं

मंडळी, माझे वडील बार्शी लाईट या छोट्या रेल्वेवर फायरमन होते, म्हणजे इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकणारे. कुर्डुवाडीला आम्ही रेल्वेच्या चाळीत राहायचो. वडील ड्यूटीवरून यायच्या वेळेला आई न्हाणीत पाण्याचा हंडा तापवून ठेवायची. ते तास-तास हात घासायचे, तरी तळहाताच्या रेषांत बसलेला कोळसा कधी पुरता निघाला नाही. त्यामुळे विलायतेतल्या वाफेच्या इंजिनांवर बोला, असं तुम्ही सांगितलंत तेव्हा मला आधी तिथले फायरमन आठवले. आजचं बोलणं त्यांच्या बाजूनं आहे.

त्या काळाचं वैभव सांगताना लोक सहसा वेगाचे आकडे सांगतात. ३ जुलै १९३८ रोजी 'मॅलार्ड' नावाचं निळं इंजिन ग्रँथमकडून पीटरबरोकडे येणाऱ्या उतारावर ताशी १२६ मैलांनी धावलं. म्हणजे ताशी दोनशे किलोमीटरच्याही वर. वाफेच्या इंजिनाचा तो विक्रम आजही कायम आहे. आराखडा सर नायजेल ग्रेस्ली यांचा, हे सगळे सांगतात. पण इंजिनावर माणसं कोण होती? ड्रायव्हर जो डडिंग्टन, वय ६१, आणि फायरमन टॉमी ब्रे. त्या जातीच्या इंजिनात मधल्या सिलिंडरच्या मोठ्या बेअरिंगमध्ये एक कुपी बसवलेली असे. बेअरिंग प्रमाणाबाहेर तापलं की कुपी फुटायची आणि बडीशेपेसारखा उग्र वास सुटायचा, म्हणजे ड्रायव्हरला कळावं. विक्रम झाला, पण त्या दिवशी ते बेअरिंग जळालंच. गाडी पीटरबरोला थांबवावी लागली आणि तिथून लंडनपर्यंत एका जुन्या इंजिनानं डबे ओढत नेले. मला ही हकिगत विक्रमापेक्षा जास्त आवडते. यंत्राला वास होता, ताप होता, दुखणं होतं, आणि नाकानं ते ओळखणारा माणूस त्याच्या पाठीवर उभा होता.

त्याच्या दहा वर्षं आधीची गोष्ट. १ मे १९२८ पासून 'फ्लाइंग स्कॉट्समन' ही गाडी लंडनहून एडिंबरापर्यंत, ३९२ मैल, मध्ये कुठंही न थांबता जाऊ लागली. आठ तासांच्या आसपासचा प्रवास. आता विचार करा, आठ तास एकच फायरमन कोळसा कसा टाकणार? माणूस आहे तो. आणि इंजिन तर थांबायचं नाही. ग्रेस्लींनी उपाय काढला तो असा : इंजिनाच्या मागं कोळशा-पाण्याचा जो टेंडर असतो, त्याच्या एका कडेनं आरपार बोळ काढला. उंची पाच फूट, रुंदी दीड फूट. अर्ध्या वाटेवर डब्यात विश्रांती घेत बसलेले दुसरे ड्रायव्हर-फायरमन त्या बोळातून वाकून, अंग चोरून पुढं यायचे, आणि दमलेले दोघं तसेच मागं जायचे. गाडी धावतच असे. पाण्याचं काय? रुळांच्या मधोमध लांबच लांब उथळ हौद केलेले होते. धावत्या इंजिनाखालून पळी सोडायची, वेगाच्या जोरावर पाणी आपोआप टेंडरमध्ये चढायचं. ही युक्ती जॉन रॅम्सबॉटम यांनी १८६० मध्येच वेल्समध्ये काढली होती. पळी कधी सोडायची आणि कधी उचलायची, हे मात्र फायरमनच्या हातात. उशीर झाला तर टेंडर भरून वाहायचा आणि पहिल्या डब्याच्या खिडक्यांवर धबधबा.

वडील सांगायचे, भट्टीत कोळसा ओतायचा नसतो, वाढायचा असतो. आधी मागचे दोन कोपरे, मग कडा, मधे पातळ. इंग्लंडमध्येही अगदी हेच शिकवत. शेडमध्ये पोरगा आधी क्लीनर म्हणून लागायचा, इंजिनं पुसायचा. मग फायरमन. आणि मुख्य मार्गावरच्या गाडीचा ड्रायव्हर होईपर्यंत अर्धं आयुष्य सरायचं.

या वैभवाचा शेवट फार झपाट्यानं झाला. १ जानेवारी १९४८ ला चार मोठ्या रेल्वे कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण झालं तेव्हा ब्रिटिश रेल्वेच्या ताब्यात वीस हजारांवर वाफेची इंजिनं आली. १९५५ मध्ये डिझेल आणि विजेची योजना ठरली. मार्च १९६० मध्ये स्विंडनच्या कारखान्यातून 'इव्हनिंग स्टार' हे त्यांचं शेवटचं वाफेचं इंजिन बाहेर पडलं, आणि पाचच वर्षांत तेही सेवेतून काढलं. त्यातच १९६३ मध्ये रेल्वे मंडळाचे अध्यक्ष बीचिंग यांचा अहवाल आला, त्यानं दोन हजारांवर स्थानकं बंद करा म्हणून सांगितलं. निर्णयामागं कारणं होती, ती नाकारण्यात अर्थ नाही. युद्धानंतर पहाटे तीनला राखेच्या खड्ड्यात उतरायला माणसं मिळेनात. मळलेल्या कामापेक्षा मोटारीच्या कारखान्यातली नोकरी बरी वाटणाऱ्या तरुणांना कोण दोष देईल? माझ्या वडिलांनीही मला त्या कामावर येऊ दिलं नाही.

११ ऑगस्ट १९६८, रविवार. लिव्हरपूलहून कार्लाइलला आणि परत अशी निरोपाची गाडी निघाली. तिकीट पंधरा गिनी, त्या वेळी ही रक्कम मोठी होती. आडवाटेच्या पुलांवर, बांधांवर, शेतांच्या कुंपणांपाशी माणसं उभी होती. मधल्या टप्प्यावर 'ऑलिव्हर क्रॉमवेल' हे इंजिन जोडलं होतं. दुसऱ्या दिवसापासून मुख्य मार्गांवर वाफेच्या इंजिनांना मनाई.

इथपर्यंतची कथा कुठल्याही देशाची असू शकते. आपल्याकडंही ब्रॉडगेजवरचं कोळशाचं इंजिन १९९५ मध्ये गेलं, आणि आपण हळहळलो. मला सांगायचंय ते त्यानंतरचं. तिथल्या माणसांनी हळहळण्यावर भागवलं नाही. त्यांनी बाह्या सरसावल्या.

दक्षिण वेल्समध्ये बॅरी नावाचं बंदर आहे. तिथं डाय वुडहॅम यांचा भंगाराचा धंदा. रेल्वेनं मोडीत काढलेली जवळजवळ तीनशे इंजिनं त्यांनी विकत घेतली. सोबत जुन्या वाघिणी, म्हणजे मालगाडीचे डबेही होते, आणि वाघिणी तोडणं सोपं, झटपट पैसे मिळायचे. म्हणून आधी वाघिणी तोडल्या, इंजिनं 'नंतर बघू' म्हणून राहिली. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात गंजत, रांगेनं, वर्षानुवर्षं. सप्टेंबर १९६८ मध्ये, मनाई लागू होऊन महिनाभरच झाला होता, तेव्हा पहिलं इंजिन एका हौशी मंडळानं सोडवून नेलं. मग रांगच लागली. शिक्षक, कारकून, फिटर यांनी पगारातून पौंड-पौंड काढून ठेवले. वुडहॅम यांनी इंजिन राखून ठेवायचं आणि पैसे जमेपर्यंत थांबायचं. त्या अंगणातून एकूण २१३ इंजिनं वाचली. भंगारवाल्याच्या त्या धीराला मी मनापासून हात जोडतो.

याची सुरुवात त्याही आधी झालेली होती. वेल्समधल्या टॅलिलिन या पाटीच्या दगडाच्या खाणीसाठी बांधलेल्या छोट्या रेल्वेचे मालक १९५० मध्ये वारले. लेखक टॉम रोल्ट यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरात बर्मिंगहॅमला सभा बोलावली, आणि पुढच्या उन्हाळ्यात स्वयंसेवकांनी गाड्या चालवायला घेतल्या. हौशी माणसांनी चालवलेली जगातली ही पहिली रेल्वे. पहिल्या वर्षी धावू शकेल असं इंजिन एकच होतं, 'डॉलगॉख'. रुळांवर इतकं गवत की रूळ दिसायचे नाहीत. शेजारच्या बंद पडलेल्या कॉरिस रेल्वेची दोन इंजिनं त्यांनी प्रत्येकी २५ पौंडांना आणली, कारण दोन्हींचे रूळ एकाच मापाचे होते, सव्वादोन फुटांचे.

आणि 'टॉर्नेडो' हे इंजिन? ते ज्या वर्गातलं, त्या वर्गाची एकूण ४९ इंजिनं होती, सगळी तोडली गेली होती. तर काही लोकांनी १९९० मध्ये ठरवलं, पन्नासावं आपण नव्यानं बांधू. आठवड्याला एक ग्लास बिअरच्या किमतीएवढी वर्गणी हजारो लोक वर्षानुवर्षं देत राहिले. सुमारे तीस लाख पौंड लागले. २००८ मध्ये डार्लिंग्टनला ते आपल्या वाफेवर हललं.

तुमच्या-माझ्या भागाचाही यात एक धागा आहे. बार्शी लाईट उभारणारे इंजिनिअर एव्हरार्ड कॅलथ्रॉप. अडीच फुटी रूळ, आणि कुठल्याही आसावर पाच टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही, म्हणजे हलक्या रुळांवरही भरपूर माल वाहता येतो, हा त्यांचा हिशेब. १८९७ मध्ये तो इथं बार्शीला सिद्ध झाला. नंतर त्याच जोरावर त्यांनी इंग्लंडच्या स्टॅफर्डशायरमध्ये मॅनिफोल्ड खोऱ्यातली रेल्वे बांधली, ती १९०४ मध्ये सुरू झाली. बार्शीच्या वळणाची इंजिनं, पुढं हिंदुस्थानी थाटाचा मोठा दिवा, आणि आतून दुधाचे कॅन वाहिले जायचे. बार्शीचं शिकून विलायतेत गेलेली रेल्वे! ती १९३४ मध्ये बंद पडली, वाचवणारं कुणी नव्हतं. आज त्या मार्गावर पायवाट आहे.

मी ब्रिजनॉर्थच्या शेडमध्ये एक पहाट काढली होती, सेव्हर्न व्हॅली रेल्वेवर. हे सगळं स्वयंसेवकांच्या बळावर चालतं. काळोखच होता. एक तरुण मुलगी डांगरीत, हातात कंदील घेऊन इंजिनाखाली शिरली होती. भट्टीखालून राख ओढून काढली, मग काचेच्या नळीत पाणी किती आहे ते आधी बघितलं. भट्टीच्या छतावरचं पाणी कमी झालं तर छत जळतं, म्हणून आधी पाणी, मग काडी. तेलात भिजवलेल्या चिंध्या, त्यावर लाकडं, त्यावर थोडा कोळसा. पुढं तीन-चार तास नुसतं थांबणं. बॉयलर हळूहळू तापतो, घाई केली तर पत्रा फाटतो. दरम्यान एक निवृत्त आजोबा हातात लांब चोचीचं तेलाचं भांडं घेऊन प्रत्येक सांध्याचं बूच काढून तेल घालत होते.

दाब चढायला लागला तेव्हा तिनं फावडं माझ्याकडं केलं. मी मागचा डावा कोपरा साधला, मग उजवा. तिनं नुसती मान हलवली. मी तिसरं फावडं भरताना भट्टीचं दार उघडंच राहिलं, तशी ती ओरडली, 'दार लाव, गार हवा आत जाते!'

वडीलही हेच ओरडायचे.