हान्सर्लला धाडलेली भेट

श्रोतेहो, नमस्कार.

आज 24 जून, संत योहान बाप्तिस्ताचा दिवस. गोव्यात आज सांजांव. डोक्यावर पानाफुलांची कोपेलं घालून पोरं विहिरींत धडाधड उड्या मारताहेत. याच सणासाठी मोझार्टनं रचलेलं एक लॅटिन समूहगान आज ऐकू या. 'इंतर नातोस मुलिएरुम'. स्त्रियांच्या पोटी जन्मलेल्यांत योहानाहून थोर कोणी झाला नाही, असा अर्थ. योहान हे नाव तेवढं ध्यानात ठेवा.

तर गोष्ट अशी. जर्मनीतल्या बव्हेरियात तळ्यातल्या बेटावर सेओन नावाचा बेनेडिक्टाइन पंथाचा ख्रिस्ती मठ होता. आपल्या गावाहून, साल्झबर्गहून, लहानग्या मोझार्टचं तिथं जाणंयेणं असे. मठातल्या फादर योहान्नेसवर या पोराचा भारी जीव. ते दिसले रे दिसले, की हा टुणकन उडी मारून अंगावर चढायचा, त्यांचे गाल कुरवाळायचा आणि गायला लागायचा, 'माइन हान्सर्ल, लिब्स हान्सर्ल!' आपण दत्तात्रयला दत्तू म्हणतो ना, तसं योहान्नेसचं, म्हणजे योहानचंच, हान्सर्ल. माझा हान्सर्ल, लाडका हान्सर्ल! सगळा मठ खो खो हसायचा, पोराला चिडवायचा.

मग फादरांचा नामदिन आला. ज्या संताचं नाव आपलं, त्याचा सण तो आपला नामदिन. तिकडे त्याचं कौतुक मोठं. पोरानं घरून भेट धाडली, ती हे गान. सुरुवात कशी, अगदी भारदस्त. योहानाहून थोर कोणी नाही, कोणी नाही... आणि 'योआन्ने बाप्तिस्ता' हे शब्द आले, की चाल कुठली? तीच! 'माइन हान्सर्ल, लिब्स हान्सर्ल'! शब्द शुभवर्तमानातले, चाल गाल कुरवाळण्याची. भर मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, मान खाली घालून बसलेले ते फादर मला दिसतात हो.

गोष्ट मठात तोंडोतोंडी चालत आलेली आहे, पुरावा मागू नका.

भक्तिसंगीत म्हटलं की चेहरा पाडून बसायचं, हे आपल्याला कुणी शिकवलं कोण जाणे. एकनाथांची भारुडं ऐका की!

रचना 1771 च्या सुमाराची मानतात, म्हणजे मोझार्ट पंधराचा. मिस्सेत भाकर आणि द्राक्षारस अर्पण करताना गायची. चार आवाजांचा गायकवृंद, दोन व्हायोलिनं, खर्जाचं तंतुवाद्य आणि ऑर्गन. व्हिओला, म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ, नाही; साल्झबर्गच्या चर्चसंगीतात तो बहुधा नसेच.

आता ऐका. आधी 'इंतर नातोस' येईल. मग 'योआन्ने'. तिथं कान द्या, 'योआन्ने'पाशी.