रफीच्या गाण्यानं उघडणारी काळी कॉमेडी

मंडळी, दिवे मालवण्याआधी मला पंधरा मिनिटं मिळाली आहेत. त्यात सिनेमाची गोष्ट सांगून तुमचा विरस करणार नाही. कान कुठे टवकारायचे, तेवढं सांगतो.

‘घोस्ट वर्ल्ड’ हा २००१ सालचा अमेरिकन सिनेमा. पण पडदा उजळतो आणि कानावर येतो तो मोहम्मद रफीचा आवाज! ‘जान पहचान हो’. १९६५च्या ‘गुमनाम’मधलं गाणं, संगीत शंकर-जयकिशनचं. आणि ‘गुमनाम’चे दिग्दर्शक राजा नवाथे, म्हणजे आपलाच मराठी माणूस. डोळ्यांवर मुखवटा लावून लक्ष्मी छाया ज्या बेभानपणे मान झटकते, ते तुमच्यातल्या अनेकांनी पाहिलं असेल. इथे कॅमेरा एका इमारतीच्या खिडक्यांवरून सरकत जातो. आत कोणी टीव्हीसमोर आंबून बसलंय, कोणी नुसतंच बसलंय. शेवटी एक खिडकी येते. तिथे जाड चष्म्याची एक मुलगी टीव्हीवर हेच गाणं लावून एकटीच नाचतेय. अगदी मन लावून, लक्ष्मी छायाच्या एकेका झटक्याला झटका देत.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला राग आला होता. वाटलं, घ्या, आपल्या गाण्याची थट्टा करायला सापडले. सिनेमा पुढे सरकला तशी चूक लक्षात आली. ही एनिड जगातल्या प्रत्येक गोष्टीची टर उडवते. वर्गमैत्रिणी, शाळेतलं भाषण, चित्रकलेच्या बाई, बापाची मैत्रीण, कोणी म्हणून सुटत नाही. थट्टा करत नाही ती फक्त या गाण्याची. हे एवढं धरून ठेवा. एनिडचा कुत्सितपणा जिथे गळून पडतो, तिथे या सिनेमात बहुतेक वेळा एखादं जुनं गाणं वाजत असतं.

आता थोडं कथेबद्दल, थोडंच. शाळा संपलेल्या दोन मैत्रिणी. एनिड म्हणजे थोरा बर्च. दुसरी रेबेका, म्हणजे स्कार्लेट जोहान्सन, तेव्हा जेमतेम पंधरा वर्षांची. पुढे काय करायचं याचा पत्ता नाही, त्यामुळे लोकांची खोड काढणं हाच उद्योग. वर्तमानपत्रात एका एकाकी माणसाची जाहिरात दिसते: अमुक ठिकाणी भेटलेल्या बाईला तो शोधतोय. या दोघी त्याला फोन करतात आणि तीच बाई असल्याचं भासवून एका हॉटेलात बोलावतात. मग शेजारच्या टेबलावर बसून मजा बघतात. तो येतो. वाट बघतो. दाराकडे बघतो. घड्याळाकडे बघतो. आपणही त्या दोघींबरोबर हसत असतो, आणि कुठल्यातरी क्षणी आपलं हसू थिजतं. एनिडचंही. कोणी ओरडत नाही, कोणी रडत नाही, संगीत भरून येत नाही. ज्याला ब्लॅक कॉमेडी म्हणतात ती हीच, हसलो म्हणून नंतर आपलंच तोंड लपवावंसं वाटायला लावणारी.

तो माणूस सिमोर. स्टीव्ह बुशेमीनं तो असा उभा केलाय की तो खांदे पाडून नुसता उभा राहिला तरी पोटात कालवतं. सिमोरला जुन्या लाखेच्या तबकड्या जमवायचा नाद आहे, मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या. घराबाहेर जुन्या वस्तू मांडून तो विकत असतो, तिथे एनिड त्याच्याकडून ब्लूजची, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या दुःखातून आलेल्या गाण्यांची, एक एलपी घेते. निव्वळ गंमत म्हणून.

मग तो प्रसंग. रात्र, तिची खोली, रेकॉर्ड फिरतेय. स्किप जेम्सचं ‘डेव्हिल गॉट माय वुमन’ सुरू होतं. उंच, बारीक, जणू दुसऱ्याच कोणाच्या गळ्यातून येणारा आवाज आणि खाली गिटार, बस. एनिड काही बोलत नाही. दीडदोन तास तोंडाचा पट्टा चालवणारी ही पोर गप्प बसते. गाणं संपतं. ती सुई उचलते आणि पुन्हा पहिल्यापासून लावते. नंतर ती सिमोरला विचारते, याच्यासारखी आणखी रेकॉर्ड आहे का? तो सांगतो, याच्यासारखी दुसरी नाहीच.

अतिशयोक्ती नाही ती. स्किप जेम्सनं हे गाणं १९३१मध्ये विस्कॉन्सिनमधल्या ग्राफ्टनला ध्वनिमुद्रित केलं. मंदीचा काळ, तबकड्या खपल्या नाहीत, आणि हा माणूस विस्मरणात गेला तो थेट १९६४पर्यंत. काही तरुण गिटारवादक त्याला शोधत निघाले, तो सापडला मिसिसिपीतल्या एका इस्पितळात. त्याच वर्षी न्यूपोर्टच्या लोकसंगीत महोत्सवात तो गायला. १९६९मध्ये वारला. म्हणजे मधली तेहतीस वर्षं हा आवाज जिवंत होता, तो सिमोरसारख्या तबकड्या जमवणाऱ्या काही वेड्यांच्या कपाटांत.

दिग्दर्शक टेरी झ्विगॉफ त्या वेड्यांपैकीच एक. स्वतः जुन्या तबकड्यांचा संग्राहक. आधी त्यानं रॉबर्ट क्रम्ब या व्यंगचित्रकारावर माहितीपट केला होता, आणि दोघं एकाच बँडमध्ये जुन्या वळणाचं संगीत वाजवायचे. (सिनेमात एनिडची चित्रवही दिसते ना, ती चित्रं क्रम्बच्या मुलीनं, सोफीनं काढलेली आहेत.) मूळ गोष्ट डॅनियल क्लाउझच्या कॉमिक्समधली, पटकथाही क्लाउझ आणि झ्विगॉफ या दोघांनी मिळून लिहिली. त्या पटकथेला ऑस्करचं नामांकन मिळालं. पण कागदाला आवाज नसतो, आणि तबकड्यांत जीव अडकलेला हा सिमोर कॉमिक्समध्ये जवळपास नाहीच. तो झ्विगॉफनं आणला. स्वतःच्या घरातून आणला म्हणा.

आता सगळ्यात जहरी विनोद. एका बारमध्ये एक म्हातारा ब्लूजवाला वाजवायला येतो. लोक दारू पितात, गप्पा मारतात, टीव्ही बघतात. कान देऊन ऐकतो तो एकटा सिमोर. त्याच्या शेजारी एक बाई बसते. सिमोरची कळी खुलते. संभाषण म्हणून तो तिला रॅगटाइम (नाचऱ्या ठेक्याचं जुनं अमेरिकन संगीत) आणि ब्लूजमधला फरक समजावू लागतो! संग्राहकांचं प्रेमात काय होतं ते बघून घ्या. मग ती त्याला सांगते, अस्सल ब्लूज ऐकायचाय तर पुढचा बँड चुकवू नका. पुढचा बँड येतो: गोरीगोमटी, केस उडवणारी पोरं, आणि कापूस वेचून पाठ मोडल्याचं गाणं कानठळ्या बसतील अशा आवाजात. बार नाचायला लागतो. हसून पोट दुखतं, पण त्या म्हाताऱ्याला कोणी बघितलंही नव्हतं, हे डोक्यातून जात नाही.

मोठ्या स्टुडिओंबाहेर बनणाऱ्या स्वतंत्र सिनेमाला कमी पैसे असतात, हे रडगाणं आपण नेहमी ऐकतो. इथे त्याचा फायदा दिसतो. त्या काळी किशोरवयीनांच्या सिनेमात त्या वर्षीची चलती गाणी कोंबायची रीत होती, म्हणजे कॅसेट-सीडी खपल्या पाहिजेत. झ्विगॉफनं त्रिनिदादच्या लायोनेल बेलास्कोची जुनी पियानोची रेकॉर्ड घेतली, ब्लूज घेतले, रफी घेतला. ज्या मुलीला आपल्या काळात जागा सापडत नाही, तिच्या कानात तिच्या काळाचं गाणं नाही. डेव्हिड किटेचं पार्श्वसंगीतही सांभाळून असतं, रडा आता, असं ते कधी सुचवत नाही.

एक तक्रार नोंदवतो. उत्तरार्धात सिमोर आणि एनिडचं नातं ज्या वळणावर जातं, तिथे मला अजूनही अवघडल्यासारखं होतं. वयाचं अंतर मोठं आहे, आणि सिनेमा ते अंगाला लावून न घेता पुढे सरकतो. चहा पिताना त्यावर भांडू.

बंद झालेल्या मार्गाच्या थांब्यावर बसची वाट बघणारा एक म्हातारा दिसेल, त्याच्यावर लक्ष ठेवा. आणि श्रेयनामावली सुरू झाली की खुर्च्या सोडू नका. अगदी शेवटी सिमोरचा एक छोटा तुकडा आहे, त्यात तो एकदाचा जिंकतो. चला, दिवे घालवा.