वाळूखालचा काळा थर

काचेच्या तळाशी डोळे नेऊन बघा. वर पांढरी, मिठासारखी बारीक वाळू. तिच्यात अडकलेले बुडबुडे. आणि अगदी खाली, खडकांच्या पायाशी, काजळी फासल्यासारखा काळा पट्टा. ही माझी प्रवाळांची टाकी. नऊ वर्षं चाललेली, चार फूट लांब, दीड फूट रुंद. वाळूचा थर १२ सेंटिमीटर. म्हणजे सुमारे ६५ लिटर वाळू, आणि ती सगळी काढायची आहे.

वाळूचा हा जाड थर मुद्दाम घातलेला असतो. १९८०च्या दशकात मोनॅकोत ज्याँ झोबेर यांनी वाळूच्या भरवशावर प्रवाळांच्या टाक्या चालवून दाखवल्या. त्यांच्या पद्धतीत वाळूखाली पाण्याची पोकळी असे. पुढे अमेरिकेत रॉन शिमेक यांनी पोकळीशिवायच्या, बारीक वाळूच्या जाड थराचा पुरस्कार केला. वरच्या वाळूतले जीवाणू टाकीतल्या घाणीतून सुटणाऱ्या विषारी अमोनियाचं नायट्रेट करतात. खाली प्राणवायू संपतो, तिथले जीवाणू त्या नायट्रेटमधून नायट्रोजन मोकळा करतात. त्याच्याही खाली सल्फेटवर जगणारे जीवाणू असतात, ते हायड्रोजन सल्फाइड सोडतात. ओहोटीला खाडीच्या चिखलात रुतलेला पाय उपसला की नासक्या अंड्याचा भपकारा येतो ना? तोच हा वायू. काळा रंग लोह आणि सल्फाइडच्या संयुगाचा. कोकणातल्या माणसाला हा चिखल ओळखीचा आहे.

मग काढायची कशाला? कारण वाळू उकरणारे किडे वर्षांगणिक कमी होत गेले, गाळ साचत गेला, आणि ॲरॅगोनाइटच्या, म्हणजे या चुनखडी वाळूच्या कणांनी शेवाळाचं खाद्य असलेलं फॉस्फेट धरून ठेवलं. आता तेच हळूहळू पाण्यात सुटतं. खडकांवर शेवाळ हटत नाही.

माझ्या आधीच्या टाकीत मी अशीच वाळू हाताने, एका दुपारी उपसली होती. पाणी राखाडी झालं. मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडं उघडझाप करू लागले, कारण ढवळलेला गाळ आणि सल्फाइड पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकतात. रात्रीपर्यंत दोन क्लाऊनफिश गेले. सात वर्षांची जोडी होती. तेव्हापासून माझा एकच नियम आहे: वाळू ढवळायची नाही, पाण्यासकट ओढून बाहेर न्यायची.

कालपासून या पिंपात आरओचं पाणी आणि समुद्री मीठ फिरतंय. लिटरला सुमारे ३५ ग्रॅम मीठ, तापमान टाकीइतकंच, २६ अंश. नेहमीच्या पाणीबदलापेक्षा थोडं जास्तच केलंय, कारण वाळू निघाली की तिची जागाही पाण्यानेच भरावी लागते.

हीटर बंद. पाण्याबाहेर उघडा पडलेला गरम हीटर तडकतो. पंप बंद, हवेचे बुडबुडे सोडणारा एअरस्टोन मात्र चालू. खिडक्या उघड्या. हातात मोजे, डोळ्यांवर चष्मा, कारण झोअँथिड नावाच्या काही प्रवाळांत पॅलिटॉक्सिन हे जहाल विष असतं, आणि खडक हलवताना ते डोळ्यात किंवा जखमेत गेलं तर प्रकरण गंभीर होतं.

आता नळी बघा. जाड, पारदर्शक, दुसरं टोक खाली बादलीत. तोंड वाळूत खुपसलं आणि तिथेच धरून ठेवलं. वाळू आपणहून वर चढते. आधी पांढरी, मग करडी, मग एकदम शाईसारखी. बादलीत वास सुटतो, टाकीतलं पाणी मात्र काचेसारखं स्वच्छ. पंजाएवढी पट्टी तळाच्या काचेपर्यंत मोकळी झाली की थांबायचं. २५ लिटर पाणी निघालं. ते पाणी कितीही नितळ झालं तरी परत टाकीत घालायचं नाही.

पुढची पट्टी दहा दिवसांनी. मधल्या काळात फिल्टरमध्ये ताजा कार्बन, आणि अमोनियाची चाचणी दुसऱ्या आणि चौथ्या दिवशी. समुद्राच्या पाण्याचा पीएच आठच्या वर असतो, तिथे थोडा अमोनियाही गोड्या पाण्यातल्यापेक्षा जास्त विषारी ठरतो. जरा जरी दिसला, तरी पुढची पट्टी लांबवायची. खडकांवरच्या जीवाणूंना वाढीव काम अंगवळणी पडायला वेळ हवा.

माझे खडक पीव्हीसीच्या पायांवर, थेट काचेवर उभे आहेत, म्हणून हे जमतं. तुमचे वाळूवर टेकलेले असतील तर पट्टीपट्टीने काढू नका. आधार गेला की रचना कोसळते. तेव्हा आधी वरचं स्वच्छ पाणी टबांत काढा, मासे, प्रवाळ आणि खडक त्यात हलवा, तिथे हीटर आणि पंप लावा, आणि रिकाम्या टाकीतून सगळी वाळू एका दिवसात उचला. परत मांडण्याआधी खडक वेगळ्या खाऱ्या पाण्यात झटकून घ्या. पाणी नवं भरा. मेहनत मोठी, पण अर्धवट ढवळलेल्या टाकीपेक्षा हे कितीतरी सुरक्षित.

एक जीव मात्र या सगळ्यात बेघर होतो. तो पिवळा रॅस मासा. रोज दिवे मंद झाले की तो वाळूत शिरतो आणि सकाळपर्यंत दिसत नाही. त्याच्यासाठी कोपऱ्यात काचेचं हे वाडगं ठेवलंय, धुतलेल्या नव्या वाळूने भरलेलं. पुढे, शेवटची पट्टी निघाली त्या संध्याकाळी तो उघड्या काचेवर वीस मिनिटं येरझाऱ्या घालत होता. मग वाडग्याच्या काठाशी आला. एक डोळा तिरका केला. आणि डोकं खाली घालून आत शिरला.