फिनलंडची पहिली जेट विमानं

नमस्कार श्रोतेहो. दुसरं महायुद्ध हरलेल्या फिनलंडवर 1947 च्या पॅरिस तहाने एक विचित्र बंधन घातलं. हवाई दलात लढाऊ विमानं 60, माणसं 3000. क्षेपणास्त्रं तर अजिबात नाहीत. शेजारी कोण? सोव्हिएत संघ! त्यामुळे विमान घेताना पैशांइतकाच विचार कुणाकडून घ्यायचं याचाही करावा लागे.

पहिली जेट 1953 मध्ये ब्रिटनमधून आली, व्हॅम्पायर. वैमानिक बसतो तो पुढचा भाग चक्क प्लायवुड आणि बाल्सा या हलक्या लाकडाचा. मोजून सहा विमानं, मग शिकाऊ वैमानिकांसाठी दोन आसनांची आणखी काही.

मला खरं कौतुक आहे ते पुढच्या नॅट या छोट्या ब्रिटिश जेटचं. पंखांचा विस्तार सात मीटरही नाही, पण तोफा दोन, 30 मिलिमीटरच्या. वेगळे एअरब्रेक नाहीत. वेग कमी करायला चाकंच अर्धवट खाली सोडायची. ब्रिटनने स्वतःच्या हवाई दलात ते लढाऊ विमान म्हणून घेतलंच नाही, फक्त प्रशिक्षणासाठी वापरलं. फिनलंडने मात्र 13 घेतली. 31 जुलै 1958 रोजी लाऊरी पेकुरी यांनी नॅट उंचावर नेलं, खाली सूर मारला आणि ध्वनीचा वेग ओलांडला. फिनलंडच्या आकाशात हे पहिल्यांदाच घडत होतं. पेकुरी म्हणजे महायुद्धातले नावाजलेले लढवय्ये. 1944 मध्ये त्यांचं विमान पडलं आणि ते सोव्हिएत कैदेतही जाऊन आले होते.

व्हॅम्पायर आपल्याकडेही होतं. नॅट तर बंगळूरला एचएएल, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात तयार व्हायचं. 14 डिसेंबर 1971 रोजी श्रीनगरवर चालून आलेल्या पाकिस्तानी सेबर विमानांशी निर्मलजित सिंग सेखों एकट्याने भिडले, ते नॅटमधूनच. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं.

1963 मध्ये तहातल्या क्षेपणास्त्रांच्या कलमाचा अर्थ सैल करण्यात आला. फिन लोकांचा हिशेब बघा: क्षेपणास्त्रं मॉस्कोकडून घेतली, तशी लंडनकडूनही! त्याच वर्षी त्यांच्याकडे सोव्हिएत मिग-21 आलं. आपल्याकडेही ते 1963 मध्येच दाखल झालं आणि पुढे नाशिकजवळ ओझरला बनू लागलं. फिनलंडने आपलं शेवटचं मिग-21 1998 मध्ये निवृत्त केलं; आपल्या हवाई दलात ते सप्टेंबर 2025 पर्यंत उडत होतं.